काचेच्या दारातल्या चपला

वडगाव रासाई

प्रिय अनू,

सुखरूप पोचलो. आल्याआल्या तुझ्या आईनं विचारलं, "मुंबई बघितली का निस्तं जेवून आला?" बघितली, पण अर्धीच. तुला सुट्टी नाही म्हणून तू जेम्सला माझ्यासोबत धाडलंस, 'ऑफिसातला एक मुलगा' म्हणून. अगं, पहिल्याच पायऱ्या दिसल्या तसा तो म्हणाला, "आप्पा, डावा गुडघा जपा." माझा डावा गुडघा तुला आणि तुझ्या आईलाच ठाऊक. तिथंच ओळखलं, आपण मुंबई बघायला नाही, मुलगा बघायला आलोय.

आता मुलगा बघायचा तर आपली रीत ठरलेली. आधी विहिरीत डोकवायचं, मग गोठ्यात, घरात शेवटी. मागं स्थळ आलेलं त्या खुटबावच्या इंद्रजीतची विहीर काठोकाठ होती, तरी तू नाही म्हणालीस. इथं मी डोकवू कशात? म्हणून इमारतींवरूनच त्याची परीक्षा घेतली. बोरीबंदर स्टेशनच्या दगडात माकडं, मोर, काय काय कोरलंय. मी विचारलं, यात बैल कुठाय? बिचारा मान वर करून शोधत राहिला. सापडला नाही, तर तसं सरळ सांगितलं, काहीतरी ठोकून दिलं नाही. ते मला आवडलं.

मग ती तुमच्या मुंबईची नवी काचेची इमारत. एवढ्या काचा पुसतं कोण, देव जाणे. दारात फरशी इतकी लख्ख की पाय टाकवेना. पाहुण्याकडे काढतो तशा चपला काढल्या, भिंतीला लावल्या आणि आत शिरलो. टायवाली माणसं हसायला लागली तेव्हा चूक कळली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागं वळलो, तर हा पठ्ठ्या खाली बसून बुटाची नाडी सोडतोय! बूट माझ्या चपलांशेजारी ठेवले, मोजे खिशात कोंबले आणि अनवाणी माझ्याबरोबर लिफ्टमध्ये. वरून समुद्र दाखवला. खाली आलो तर दोन्ही जोड गायब, कुणीतरी बेवारशी समजून उचललेले. रस्ता तापलेला. चपलांचं दुकान सापडेपर्यंत आम्ही दोघं सावलीसावलीनं उड्या मारत चाललो. पोट दुखेपर्यंत हसलो बघ.

दुकानात त्यानं स्वतःहून सांगितलं, तो शिरूरचा, घरचे सगळे चर्चमध्ये जाणारे. मी उगाच चपलांच्या किमती विचारत बसलो, खोटं कशाला बोलू? गाडीत दौंडपर्यंत एकच घोर, भावकी काय म्हणेल. घरी सगळं सांगितलं तर तुझी आई पदर तोंडाला लावून हसली, मग म्हणाली, "आजवर तुमच्यासंगं अनवाणी कोण चाललंय का? आणा त्याला. भावकीचं मी बघते."

फोनवर मला हे बोलवलं नसतं, म्हणून लिहितोय. जेम्सला म्हणावं, आईवडिलांना घेऊन ये. आपल्या दारात चपला काढाव्या लागतात, हे त्याला सांगायला नको. आणि इथं त्या कुणी उचलणार नाही, हा माझा शब्द.

तुझाच,
आप्पा