दूधवाल्याचा घोडा

प्रिय सासरेबुवा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं, तर तुम्ही ते पबमध्ये उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवाल.

मी आपल्या फुटबॉल क्लबकडून उजव्या कडेने खेळायचो, तेव्हा तुम्ही कठड्याला रेलून माझ्या कानाशी ओरडायचात, "अरे, दूधवाल्याचा घोडा तुझ्यापेक्षा जोरात पळतो!" मध्यंतरानंतर संघ बाजू बदलायचे आणि मी पलीकडच्या कडेला जायचो. तर तुम्ही चहाचा पेला सांभाळत, गोलपोस्टमागून वळसा घेऊन तिकडेही हजर! तुमच्या ब्रेंडाशी लग्न केलं, तरी तो घोडा काही थांबला नाही.

परवा सामन्याच्या मध्यंतरात क्लबने आम्हा निवृत्त खेळाडूंना मैदानावर बोलावलं. माझं नाव पुकारलं आणि मी घोड्याची वाट बघू लागलो. तुम्ही चक्क टाळ्या वाजवल्यात! घरी येऊन ब्रेंडाला विचारलं, "तुझ्या बापाला झालंय तरी काय?" ती रडायलाच लागली. तुमच्या ऑपरेशनचं मला तेव्हा कळलं.

ते उरकून मुकाट्याने घरी या. मी रोज सकाळी काठी टेकत तुमच्या खिडकीवरून जाईन. अगदी हळू जाईन. खबरदार टाळ्या वाजवल्यात तर!

तुमचा रडतखडत चालणारा जावई,
रॉय ग्रिमशॉ