विकाऊ घर आणि गंजके पत्रे

१२ ऑक्टो. २०१६, बुधवार. तबूक

दुकान गेलं. मोबाइलच्या धंद्यात आता फक्त सौदी पोरं, आमच्यासारख्यांनी काउंटरमागे दिसायचंसुद्धा नाही. शटर ओढून मागे वळलो तर अबू नाएफ गाडीत बसलेला. दुकान त्याचं, मी त्याच्या नावावर, तोच माझा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक. वाटलं आता तिकीट हातात देतो. तर म्हणाला, बस गाडीत.

नेलं कुठे, त्याच्या जुन्या घरी. नवा व्हिला बांधल्यापासून हे रिकामंच आहे. विकायला काढलंय, पण घेत कोणी नाही. एसीच्या खोक्यात कबुतरं, स्वयंपाकघरात काळं तेल, भिंतींना पोपडे. दलाल म्हणतो, जसं आहे तसं विका, घेणारा काय ते करून घेईल.

मी बोलून गेलो. अर्धं अरबी, अर्धं उर्दू. म्हटलं, असं कसं, विकणाऱ्याने घर तयार करून द्यायचं असतं. घेणारा आत आला की त्याला आपली पोरं इथे खेळताना दिसली पाहिजेत. माझ्याकडे द्या, मी करतो.

अबू नाएफ (यापुढे अ.ना. लिहितो, हात दुखतो) गाडीला टेकून सिगरेट ओढत राहिला. मग सरळ सांगितलं. घर विकलं तर त्यातून घरदुरुस्तीचं दुकान काढू, इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, तुझा पेशा बदलून घेऊ. नाही विकलं तर इकामा संपला की खुरूज. म्हणजे कायमचं हर्णै.

चावी माझ्या खिशात आहे. आयुष्यात पहिल्यांदा अख्ख्या घराची चावी.

१४ ऑक्टो., शुक्रवार

बशीरचाचांना सांगितलं. चाचा दाभोळचे, आम्ही एका खोलीत राहतो, ते एका घरच्या पोरांना शाळेत ने-आण करतात. मला विचारलं, घराचं काम तुला येतं कुठे? म्हटलं, मामूच्या होड्यांना रंग दिलाय ना. चाचा म्हणाले, "होडीचा रंग उडाला तर मासे तक्रार करत नाहीत रे अल्ताफ."

हसू दे. आठवीतून शाळा सोडली तेव्हा पण सगळे हसले होते.

आज कबुतरं काढली. एसीची चार खोकी धुतली. एकात दोन अंडी होती, ती उचलून शेजारच्या पडीक भिंतीवर ठेवली. कबुतरीण गेली की नाही तिकडे, माहीत नाही.

१९ ऑक्टो., बुधवार

जुना रंग खरवडला, पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला. नाकात पांढरं, कानात पांढरं. बकालावाला, म्हणजे किराणावाला मलबारी म्हणाला, काय, मैद्याच्या गोणीत झोपलास?

अ.ना. बायकोच्या माहेरी जिझानला गेलाय, लग्न आहे. रोज फोटो मागतो. मी मजलिसचा पाठवला. मजलिस म्हणजे पुरुष पाहुण्यांची बैठक, दार रस्त्याकडून वेगळं. तिला बदामी रंग दिलाय. त्याने नुसता अंगठा पाठवला. मी तो अंगठा चाचांना दाखवला. चाचा म्हणाले फ्रेम कर.

२५ ऑक्टो., मंगळवार

आतलं झालं!! स्वयंपाकघराच्या फरशा आधी राखाडी वाटायच्या, घासल्यावर खालून हिरव्या निघाल्या. हिरव्या. कोणाला माहीतच नसेल. नळ बदलले. दारांना तेल दिलं, आता कुरकुरत नाहीत.

एकच भानगड, मागच्या बाथरूमचा उतार उलटा आहे. पाणी जाळीकडे जायचं सोडून कोपऱ्यात साचतं. फरशी फोडल्याशिवाय होणार नाही. फोडायला आता वेळ नाही. कोपऱ्यात जाड नवं पायपुसणं टाकलं. छान दिसतं.

दलालाचा फोन, एक मास्तर आहे, बायको-पोरांसकट पुढच्या गुरुवारी येईल.

झोप येत नाही. बायकोला, शबानाला, मेसेज टाकला, घर बघायला माणसं येणार. तिने विचारलं, आपलं की त्यांचं. त्यांचंच गं.

२८ ऑक्टो., शुक्रवार

आज सगळ्यात मोठं काम. घराच्या कुंपणाच्या भिंतीवर उभे पत्रे ठोकलेत, पुरुषभर उंच. गंजून लाल झालेले, वारा आला की खडखड. घर दिसतच नाही त्यांच्यामागे. रस्त्यावरून बघितलं की वाटतं गोडाऊन आहे.

काढले. सगळे. ग्राइंडर भाड्याने आणला, बोल्ट कापले, दुपारपर्यंत भिंत मोकळी. भंगारवाला बंगाली पिकअप घेऊन आला, त्याच्याच गाडीत भरून दिले. भिंतीला बाहेरून दुधी रंग मारला.

आणि मग रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहिलो. काय सांगू. खिडक्या दिसतात, अंगण दिसतं, अंगणातलं लिंबाचं झाड दिसतं. वारा सरळ आत जातो. घर श्वास घेतंय असं वाटलं. आपल्याकडे असं घर असतं तर येणारा-जाणारा थांबून विचारत बसला असता, कोणाचं म्हणून.

अ.ना.ला फोटो नाही पाठवला. येईल तेव्हा डोळ्यांनी बघू दे.

३ नोव्हें., गुरुवार

मास्तर आला. मोठी गाडी, मागे बायको, तीन पोरं. दलाल पुढे. मी नवा शर्ट घातला होता.

गाडी थांबली. मास्तर उतरला. बायको उतरायला गेली, दार उघडलं, एक पाय खाली ठेवला, वर बघितलं. पाय परत आत. दार लावून घेतलं.

मास्तर आत येऊन सगळं फिरला. हिरव्या फरशांवर वाकून हात फिरवला. छान, छान म्हणाला. मजलिसमध्ये बसला पण नाही. माझा हात दोन्ही हातांत घेतला, इन्शाल्ला म्हणाला आणि गेला.

मला वाटतं झालंच. इन्शाल्ला म्हणाला ना. चाचांना सांगितलं तर ते भाजी चिरता चिरता थांबले. म्हणाले, बायको का नाही उतरली?

ऊन असेल.

५ नोव्हें., शनिवार

अ.ना. परत आला. मी गेटवर उभा. तो गाडीतून उतरला आणि रस्त्यावरच थांबला. एकदा भिंतीच्या या टोकाला बघितलं, एकदा त्या टोकाला. मी हसत होतो. खरंच हसत होतो.

ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू म्हणाला,

"अल्ताफ. माझ्या घराचे कपडे कुठे आहेत?"

मला कळलं नाही. मग त्याने पत्र्यांची खूण केली. म्हटलं, गंजले होते, दिले. कोणाला? भंगारवाल्याला. त्याने डोक्यावरचा रुमाल काढून परत घातला. मग विचारलं, मुख माफी? म्हणजे डोकं बिकं आहे की नाही. आणि गाडीत बसून गेला.

शबानाला फोन लावला. रागातच होतो. सांगितलं सगळं. म्हटलं, इतकं चांगलं केलं तरी यांना कळत नाही. ती हसायलाच लागली. म्हणाली, "अवो, आपल्या न्हाणीला झापांचा आडोसा कोणी बांधला? तुम्हीच ना? लग्न होऊन आठवडा नव्हता झाला."

बांधला होता. न्हाणीतल्या भांडी घासायच्या दगडावर बसली की ती रस्त्यावरून दिसायची. वाडीतली पोरं मुद्दाम तिथून सायकली न्यायची. मी माडाचे झाप विणले, बांबू रोवले, घट्ट आडोसा केला. तेव्हा कोणी सांगावं नाही लागलं.

इतकी वर्षं इथे आहे. दुकान आणि खोली, खोली आणि दुकान. कोणाच्या अंगणात पाय नाही ठेवला. प्रत्येक घरावर पत्रे दिसायचे आणि मला वाटायचं, वाळू अडवायला असतील.

ती बाई पाय खाली ठेवून काय बघत होती, आता कळलं. स्वतःला अंगणात बघत होती. आणि अख्खी गल्ली तिला बघतेय.

८ नोव्हें., मंगळवार

अ.ना. फोन उचलत नाही. मी व्हिल्यावर जाऊन दारात बसलो. नोकर दोनदा सांगून गेला, साहेब झोपलेत. अस्रच्या, दुपारनंतरच्या नमाजाला बाहेर आलाच. मी आधी माफी मागितली, मग सांगितलं पत्रे परत लावतो, नवे, मजुरी नको, आणि मास्तरला परत बोलवा.

म्हणाला, तो का येईल? त्याने घर नागडं बघितलं.

म्हटलं, त्याने बघितलं, बायकोने आत पाऊल नाही टाकलं. तिने कुठे बघितलंय अजून.

त्याने गाडीची चावी काढली. यल्ला, चल. आम्ही दोघं पत्रे आणायला गेलो. रंग त्याने निवडला, वाळूचा.

११ नोव्हें., शुक्रवार

जुम्म्यानंतर चाचांना ओढून नेलं. वारा असा, की पत्रा हातात घेतला की शीड. चाचा एका पत्र्यासकट चार पावलं रस्त्यावर गेले. परत येताना तोंड चालूच, माझं वय काय, माझी कंबर काय, तुझ्या बापाने मला कधी चहा पाजला का. पण पत्रा सोडला नाही.

संध्याकाळी परीक्षा. चाचांना अंगणात मोडक्या खुर्चीवर बसवलं, डोक्यावर टॉवेल दिला. तुम्ही घरातली बाई. मी गल्लीत फिरून बघतो दिसता का.

गेटच्या फटीतून दिसले. पट्टी मारली. कोपऱ्यावरच्या उंचवट्यावरून टॉवेल दिसला. तिथे पत्रा हातभर वाढवला. ओरडून सांगितलं, चाचा, अजून दिसताय. आतून आवाज, "मेल्या, या वयात मला कोण बघतंय, तेवढं सांग, मी त्याला सलाम करतो."

शेवटी कुठूनच दिसेनात. मी सगळी गल्ली दोनदा फिरलो. हाक मारली तर नुसता खोकला आला पत्र्यामागून. एवढा आनंद मला दुधी भिंत बघून पण झाला नव्हता.

आत आलो तर चाचा लिंबाखाली डोळे मिटून बसलेले. म्हणाले बरं वाटतंय इथे, थांब जरा.

१९ नोव्हें., शनिवार

मास्तर आला! अ.ना.ने काय सांगून आणला देव जाणे. गाडी गेटच्या आत घेतली, गेट लावलं. मग बायको उतरली, पोरं पण. ती थेट घरात. आम्ही पुरुष मजलिसमध्ये, दार बंद. अ.ना. कहवा ओततोय, मी खजुराचं ताट धरून उभा.

आतून आवाज येत होते. नळ सुरू, नळ बंद. कपाट. पोरं धावतायत. पोरं खेळताना दिसली पाहिजेत असं मीच म्हटलं होतं, आता ऐकू येत होती.

मग मास्तरने विचारलं, घरात काही ऐब आहे का. मी तोंड उघडणार होतो, काहीच नाही म्हणून. अ.ना. माझ्याआधी बोलला. मागच्या बाथरूमचा उतार उलटा आहे, पाणी साचतं, या पोराने वर पायपुसणं टाकलंय. टाकीची मोटर उन्हाळ्यात तापून बंद पडते. एकेक करून सगळं सांगितलं, जसा मुलीचा बाप सोयरीक करताना सांगतो.

त्याने पायपुसणं उचलून कधी बघितलं? आणि बघितलं तर मला बोलला का नाही?

मास्तरने मान हलवली. किमतीचं कोणी काढलं नाही. बायकोने पोराला पाठवून त्याला बोलावून घेतलं. दाराआड हळू बोलणं. परत येऊन म्हणाला, स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या जिन्यासमोर येते. वर घ्यायला हवी, फक्त उजेड येईल अशी.

खलास. उठले, गेले. ना हो, ना नाही.

गेट लावून मी अ.ना.ला विचारलं, ते ऐब कशाला सांगितले? म्हणाला, लपवून विकलेल्या घराचा पैसा मी माझ्या पोरांना खाऊ घालू? घर तयार करायचं तू म्हणालास. हे पण त्यातच येतं.

ते ठीक. पण खिडकी वर घ्या म्हणाली ना ती? जिला राहायचंच नाही ती खिडकीचं का बोलेल? चाचांना हे तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा चाचांनी रेडिओ लावला.

२० नोव्हें., रविवार

पायपुसणं काढलं. बाथरूमची फरशी फोडून नवा उतार काढला. बादली ओतली, पाणी थोडं थबकलं आणि मग सरळ जाळीकडे निघालं. बादल्या ओततच बसलो. मोटर पण बघून घ्यायचीय.

मास्तरचा फोन नाही. दलाल म्हणतो, तो आणखी एक घर बघतोय, विमानतळाकडचं. तिकडचे पत्रे कसे आहेत कोण जाणे.

दुपारी अ.ना.चा मेसेज, पासपोर्टचा फोटो पाठव. पेशा बदलायला लागतो, खुरूजला पण लागतच असेल. लगेच फोन केला, कशाला पाहिजे? म्हणाला, खिडकी कधी काढतोस?

फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

विटा, सिमेंट आणून ठेवलंय. छिन्नीला धार लावली. सकाळी आधी जुनी चौकट काढतो, मग भिंत वरपर्यंत फोडतो. भिंतीला एवढं भगदाड असताना कामाच्या माणसाला कोण घरी पाठवतंय.