पाइप हवा धरत नाही

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे, गॅरेज जिथल्या तिथे आहे आणि मीही अजून आहे. तू गेलीस त्या दिवसापासून इथे काय काय झालं ते तुला क्रमानं सांगायचंय. तुला मीच शिकवलं ना, गिऱ्हाइकाला काय बिघडलं ते आधी विचारायचं नाही, कधीपासून बिघडलं ते विचारायचं. तर आता तूच ऐक, आणि मधे मधे बोलू नकोस. पत्रात मधे बोलता येत नाही हे खरं, पण तुझा काही भरवसा नाही.

नऊ आठवडे झाले तुला जाऊन. तुझा फोन आला की आई स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेते, आणि मी वर्तमानपत्र उघडून तिकडे कान लावून बसतो. नव्या गॅरेजचा मालक तुला ताई म्हणतो, दुपारचा डबा तू उभ्यानंच खातेस आणि तुझ्या खोलीतला नळ गळतो, एवढं मला चोरून कळलंय. तू माझी चौकशी करतेस का ते मात्र कळत नाही, कारण नेमका तेव्हाच आईचा आवाज खाली जातो. आणि काय गं, एवढी मेकॅनिक झालीस आणि घरचा नळ गळतोय? वायसर बदलायला पाच मिनिटं लागतात.

आता ती मास्तरीणबाईंची निळी गाडी. सपाट रस्त्यावर एसीची हवा बरोबर तोंडावर यायची, शाळेचा चढ लागला की तोंडावरची हवा गायब आणि सगळी पुढच्या काचेवर. उतार लागला की परत तोंडावर. बाई म्हणाल्या, गाडीला झपाटलंय. तू बॉनेट उघडून त्यांना समजावलंस, की या जुन्या गाडीत हवेच्या झडपा मोटरनं हलत नाहीत, इंजिनाच्या ओढीनं हलतात. ती ओढ बारीक पाइपांतून डॅशबोर्डच्या मागे जाते आणि झडप खेचून धरते. चढावर इंजिन मेटाकुटीला येतं, ओढ कमी पडते, म्हणून थोडी ओढ साठवायला एक प्लास्टिकची टाकी असते आणि साठलेली परत जाऊ नये म्हणून एक व्हॉल्व्ह. कुठे फट पडली की साठा जातो आणि झडप स्प्रिंगनं काचेकडे पडते. मुद्दामच तसं केलंय, बाकी काही चालो न चालो, ड्रायव्हरला समोरचं दिसलं पाहिजे. मी मागे उभा राहून ऐकत होतो. इतकं सोपं करून मला उभ्या जन्मात सांगता आलं नसतं. पण पोरीचं तोंडावर कौतुक करायचं म्हणजे आपल्या घराण्यात पाप, म्हणून गप्प बसलो.

मग तू तुझा तो हवा ओढून काट्यावर दाखवणारा हातपंप लावलास आणि सांगितलंस, पाइप चांगला, व्हॉल्व्ह चांगला, टाकीला बारीक तडा आहे. आणि मी चाळीस वर्षं जे करत आलो तेच केलं. पाइप काढला, एक टोक बोटानं दाबलं, दुसरं तोंडात धरून आतली हवा ओढली आणि जिभेचं टोक भोकावर टेकवलं. पाइप चांगला असेल तर तो जिभेला चिकटून लोंबकळत राहतो. माझ्या वस्तादांनी मला हे शिकवलं, मी तुला शिकवलं, आणि लहानपणी तू जिभेला पाइप लटकवून घरभर नाचायचीस म्हणून आई आपल्या दोघांनाही ओरडायची. त्या दिवशी पाइप पडला. परत ओढला, परत पडला. तू म्हणालीस, बाबा, एकदा पंप लावून बघा. माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षांची जीभ खोटी आणि तुझं खेळणं खरं? आणि बाईंच्या देखत मी ते बोललो. न तपासताच तपासलं म्हणून ठोकून देतेस, खोटारडी आहेस, खोटं बोलणाऱ्याला माझ्या गॅरेजात जागा नाही. तू गॅरेजची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलीस. भांडली असतीस तर दहा मिनिटांत निवळलो असतो गं. तू भांडलीच नाहीस.

तू गेल्यावर मी त्या गाडीचे सगळे पाइप बदलले. नवा पाइपही हवा धरेना. स्पेअर पार्टवाल्या टकलूच्या दुकानात गेलो आणि त्याचा उद्धार केला, भेसळीचा माल विकतोस म्हणून. त्यानं दुसरा दिला. तोही पडला. मास्तरीणबाई आपल्या चढावर काच थंड करत हिंडत होत्या आणि मी जगाला चोर ठरवत होतो. घरीही तेच चाललं होतं. चहा पिताना शर्टावर सांडायचा, मी म्हणायचो कपाची कड वाकडी आहे. घास गालात अडकून राहायचा, मी म्हणायचो दातवाल्यानं दाढ चुकीची बसवली. काम करताना मला शीळ वाजवायची सवय, ती वाजेना, तेव्हा म्हटलं, घरात पोर नाही तर कुणासाठी वाजवायची. आई म्हणाली, तुमचं तोंड जरा एका बाजूला ओढल्यासारखं दिसतंय, डॉक्टरकडे चला. मी म्हणालो, पोरीनं नाक कापलंय, तोंड सरळ राहील कसं.

तिसऱ्यांदा पाइप परत न्यायला गेलो तेव्हा टकलू वैतागला. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यानं माझ्या हातातून पाइप हिसकावला, शर्टाला पुसला, टोक दाबलं, हवा ओढली आणि माझ्यासमोर जीभ बाहेर काढून उभा राहिला. पाइप लोंबकळत होता. टकलू डोळे वटारून माझ्याकडे बघतोय, गिऱ्हाइकं हसतायत, आणि पाइप काही पडत नाही. मी तोच पाइप घेतला, ओढला. पडला. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हवा आत येत होती, ती मला पहिल्यांदा जाणवली. फट माझ्यात होती. टकलूचा वैताग तिथंच उतरला, त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. तेही सांडलं.

तिथून थेट गॅरेजात आलो. तुझा हातपंप तू खणात ठेवून गेली होतीस. जुना पाइप मी फेकला नव्हता. त्याला पंप लावला, काटा वर गेला आणि तिथंच उभा राहिला. मी घड्याळ लावून पाच मिनिटं बघत बसलो, काटा जागचा हलला नाही. मग मास्तरीणबाईंची गाडी मागवून घेतली आणि तिच्या टाकीला लावला. काटा वर गेला आणि हळूहळू खाली घसरला. तू म्हणाली होतीस तसंच, शब्दाला शब्द. खाली बसलो आणि रडलो, पोरी. लपवण्यात काय अर्थ आहे.

पण खरी भीती नंतर वाटली. तोंडाची डावी बाजू सैल आहे, तर डाव्या हाताचं काय? पाना डाव्या हातात घेऊन बघितला. वाटत होतं घट्ट आवळतोय, आणि उजवा लावला की आणखी अर्धा फेरा बसत होता. तू गेल्यापासून जेवढ्या गाड्या हातावेगळ्या केल्या, त्यांच्या मालकांना फोन करायला आईला बसवलं आणि एकेक गाडी परत बोलावली. बारा गाड्या. त्या लांब मिशीवाल्याची टॅक्सी आठवते? तो रोज सकाळी पोरांना शाळेत सोडतो. त्याच्या पुढच्या चाकाचे दोन नट बोटांनी फिरले. त्याच्यापासून मी काही लपवलं नाही. तो नटांकडे बघत राहिला. टकलूनं आपला माणूस पाठवला आणि त्यानं सगळ्या गाड्या माझ्यासमोर पुन्हा आवळल्या. त्या दिवसापासून गॅरेज बंद आहे.

डॉक्टर म्हणाला, मेंदूला छोटासा झटका येऊन गेलाय, दोन-तीन महिन्यांपूर्वी. इतके दिवस काय करत होतात म्हणून खेकसला. काय सांगणार, लोकांचे पाइप तपासत होतो? मानेतली रक्तवाहिनी अरुंद झालीय म्हणे. मला पटावं म्हणून तो गाडीची उदाहरणं द्यायला लागला, तेव्हा म्हटलं, साहेब, गाडीचं मला कळतं, माझं काय ते बोला. तपासण्या चालू असतानाच, मागच्या बुधवारी, दुसरा झटका आला. हाही छोटाच. पण जीभ जड झालीय. मास्तरीणबाईंच्या गाडीला टकलूच्या माणसानं नवी टाकी बसवली आणि शुक्रवारी त्यानंच ती चालवत शाळेत नेली, मी आणि आई बरोबर गेलो. फाटकाशी उभं राहून त्यांना सांगितलं की माझी पोरगी खरं बोलत होती, खोटा मी पडलो. त्यांना कळेना. परत सांगितलं. पोरं जमली. तिसऱ्यांदा मोठ्यानं सांगितलं तेव्हा कळलं. तुला मी एका बाईंसमोर खोटारडी म्हणालो होतो, माझं मात्र अख्ख्या शाळेनं ऐकलं. झालं ते बरंच झालं. बाईंनी लगेच चढावर एक फेरी मारली आणि म्हणाल्या, ताईंना माझा नमस्कार कळवा, चढावर आता हवा तोंडावरच येते.

हे सगळं आईनं तुला सांगितलं नाही, कारण मी तिला शपथ घातली होती. मला स्वतः सांगायचं होतं. म्हणून शनिवारी दवाखान्यातल्या फोनवरून तुला फोन केला. तू उचललास. मी बोललो, इतके दिवस मनात घोळवलेलं सगळं एका दमात बोललो. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, काका, राँग नंबर लागलाय, तुमच्याजवळ घरचं कुणी आहे का, त्यांना फोन द्या. किती मायेनं म्हणालीस गं. माझ्या पोरीला माझा आवाज ओळखू आला नाही. मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं, उजवा हात अजून तरी माझं ऐकतोय म्हणून. येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी मानेचं ऑपरेशन आहे. त्यात किंवा त्याआधी काही झालं तर बोलणं पूर्ण जाऊ शकतं, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलंय. तू खोटं बोलली नव्हतीस, चुकलो मी, एवढं मला तुझ्यासमोर बसून बोलायचंय. रोज सकाळी आरशासमोर म्हणून बघतो. आई म्हणते, अगदी नीट कळतं. पण तिला काय, तिला माझं न बोललेलंही कळतं. त्या सोमवारच्या आत ये आणि तुला कळतंय का ते सांग.

तुझाच,
हट्टी बाबा