मूळ नमुना

२ सप्टेंबर
रुजू झाले! वनस्पतिसंग्रहालयात सहायक. घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे बाबा गल्लीभर सांगत सुटलेत की लेक शास्त्रज्ञ झाली. काम आवडीचं आहे. सख्ख्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या झाडांचे वाळवलेले नमुने शेजारी ठेवायचे, पानाची कड, देठाची लव, पाकळ्यांची ठेवण पाहायची आणि प्रजाती ठरवायची. तुलना कपाटातल्या मूळ नमुन्याशी. कागदावर चिकटवलेली ती फिकट, गुळगुळीत पानं म्हणजे इथला मापदंड.

६ सप्टेंबर
टेकडीवरून आलेल्या नमुन्याच्या पानाखाली दाट लव, कडा दातेरी. वेगळी प्रजाती! मूळ नमुन्याशी ताडून साहेबांकडे नेला. त्यांनी भिंग लावलं, हसले, म्हणाले, पोरी, डोळे तपासून घे. पाहते तर पान गुळगुळीत. शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, नवीन असताना सगळ्यांनाच काहीबाही दिसतं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी आंधळी नाही.

११ सप्टेंबर
बागेतून ताजी फांदी आणली. लव बोटाला लागत होती. मूळ नमुन्याशेजारी ठेवली. माझ्या डोळ्यांदेखत लव विरली, दाते बुजले. साहेबांना ओढतच आणलं. ते शांतपणे म्हणाले, मग प्रश्नच मिटला, फरक नाही असं लिही आणि सही कर. म्हणजे यांना ठाऊक आहे! खोट्यावर सही करायला शिकले नाही मी.

१३ सप्टेंबर
डबा खाताना निरखून पाहिलं. साहेब, ताई, शिपाई, तिघांच्या भुवया विरळ, ओठ हुबेहूब सारखे, तळहातावर रेषाच नाहीत. वर्षानुवर्षं त्या कागदावर वाकलेली माणसं. ताईंना विचारलं, तुम्ही आधीपासून अशाच? त्या म्हणाल्या, अशा म्हणजे कशा? मी ओरडले. तिघं एकदम, एकसारखं हसले.
आई फोनवर म्हणाली, नोकरी सोड, घरी ये. मी का सोडू? खोटे ते आहेत.

१४
तो कागद जाळणार. उचलला — माझ्या बोटांवरचे ठसे कुठे गेले? काडी धरता येईना. साहेब म्हणाले, बस बाळ, दमलीस. आणि मी बसले. का बसले? मला राग आलाय. आलाय ना —

१५
ताईंत आणि माझ्यात काय वेगळं, लिहून ठेवते.
भुवईत व्रण, झोक्यावरून पडले तेव्हाचा. चाचपला — लागत नाही.
हनुवटी आईची. आईची हनुवटी कशी —
नाक बसकं, बाबांचं. आत्या चिडवायची, मी किती भांडायचे —
सही मागतायत. नाही. नाही!
माझं अक्षर उजवीकडे झुकतं, ताईंचं ताठ. वरची पानं बघा, सगळं झुकलेलंच आहे. आणि ही ओळ