शोभाचे हातमोजे

८ जाने., गुरुवार

नवी डायरी. बाजूच्या मेडिकलवाल्यानं दिली. दर पानाखाली एका गोळीचं नाव छापलं हाय. आजची गोळी पित्ताची. बरोबर हाय.

दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर चार जण होते. पेशंट समोरच्या दवाखान्यात, हे जेवायले आपल्या भोजनालयात. शोभानं वाढलं. दोनदा वरण, पोळ्या तव्यावरच्या, त्यांच्यातल्या म्हाताऱ्याले भात कालवून दिला. बिलाच्या बशीतली बडीशेप खाल्ली अन् उठून गेले. बशीत काही नाही. बाजूच्या टेबलावर पिंकी होती. लोणचं विसरली, पाणी सांडलं, वरून खिदळली. पन्नासची नोट.

शोभानं रिकामी बशी उचलली अन् पदरानं पुसली. पुसायसारखं काही नव्हतं. मी गल्ल्यावर बसून पाह्यलं. मग पाह्यलं नाही असं केलं.

९ जाने., शुक्र.

शोभा दोन वर्षांपासून वाढते. आली तेव्हा हात साफ होते. तेव्हा तिच्या बशीत पिंकीहून जास्त पडे. मागच्या पावसाळ्यात बोटांवर पांढरं कोड आलं. मग मनगटावर. आता कोपरापर्यंत, अन् एक ठिपका ओठाजवळ. कोड चढत गेलं तशी टिप उतरत गेली. बाई तीच, वरण तेच.

वरच्या माळ्यावर चामडीचा डॉक्टर बसते. त्याले मीच जाऊन विचारलं होतं. लागत नाही म्हणे, ना हातानं ना खाण्यातून. लोकांले कोण सांगन?

पिंकीले म्हटलं, दोघींची टिप एका डब्यात टाका, अर्धी अर्धी घ्या.

ती म्हणाली, "आजी, मी सकाळी उठून केस करते, गजरा आणते, दिवसभर हसते. दाढ ठणकली तरी हसते. ते काम नाही का?"

 तिची दाढ खरंच किडली हाय.

१० जाने., शनि.

पोराले, दिलीपले, सांगून पाह्यलं. म्हणे, लोकांचा पैसा, लोकांची मर्जी, आई तू त्यात पडू नको. भाजीच्या थैल्या ठेवल्या अन् गेला. बापावर गेला, भांडणाआधीच उठते.

मीही वाढतच होती इथं. दिलीपचा बाप भट्टीवर, मी समोर. तेव्हा तीन टेबल होते. नाकात चमकी होती, रंग उजळ होता. लोकं बशीत माझ्यासाठी वेगळे ठेवत. माझी जाऊ बी वाढे, काळी, दात पुढे. तिले कोणी देत नव्हतं. मले वाटे माझं वरण चांगलं असते. वरण तर तीच करे.

हे आज लिहिताना सुचलं. चाळीस वर्षं लागले.

१२ जाने., सोम.

मेडिकलमधून हातमोज्यांचा डबा आणला. पातळ रबराचे, दवाखान्यात घालते तसे. माझ्या डोक्याले म्हटलं वा. बोटांवरचे डाग दिसणार नाहीत, वरून स्वच्छता दिसते.

शोभाले डबा दिला. तिनं एक जोड काढला, उजेडात धरून पाह्यला.

"काकू, पिंकीले बी?"

"पिंकीले कशाले?"

तिनं हातमोजे घातले.

१३ जाने., मंगळ.

सत्यानाश.

हे धंतोली हाय, घरागणिक दवाखाना. इथं जेवायले येणारा माणूस रात्रंदिवस हातमोजेच पाहून राहिला असते. हातमोजे म्हणजे त्याच्यासाठी आतला वॉर्ड, काचेआडचा पेशंट, जवळ जाऊ नका. शोभा ताट घेऊन गेली तसं एका बाईनं आपलं लेकरू मागं ओढलं. एक टेबल न जेवताच उठलं. हे मले सुचायले पाहिजे होतं. बावीस वर्षांपासून मी या गल्ल्यावर बसून राहिली.

एका माणसानं मात्र शंभर ठेवले. जाताना शोभाले म्हणे, बाई, औषधपाणी कर. ती त्याच्यामागं पायरीपर्यंत गेली, नोट परत दिली. आली अन् गल्ल्यापाशी थांबली.

"वरणाचे दिले असते तर घेतले असते, काकू."

शंभर तर शंभर, घ्यायचे होते, असं मी म्हणणार होती. तिचं तोंड पाह्यलं अन् गल्ल्यातली चिल्लर मोजायले घेतली.

१४ जाने., बुध., संक्रांत

सकाळीच शोभाले सांगतलं, काही दिवस मागं पोळ्या लाट. काही दिवस म्हणजे किती, ते तिनं विचारलं नाही, मी सांगतलं नाही. मागं टिप नाही.

मागं हातमोजे बी नाही. लोकं तिच्याच उघड्या हातच्या पोळ्या खाऊन राहिले. पोळी नरम हाय म्हणे आज. भिंतीआड हाय म्हणून चालते.

तिनं घरून तिळाचे लाडू आणले होते. पिंकीले एक, मले एक. तिळगूळ घ्या काकू. मी घेतला, नंतर खाते म्हटलं, पदरात बांधला. घरी जाताना चौकात गाय होती, तिले टाकला.

डॉक्टरले मी विचारून आली होती. लागत नाही हे मले सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

१५ जाने., गुरु.

शोभानं विचारलं, लाडू कसा झाला होता. चांगला झाला म्हटलं. गूळ जरा जास्त पडला का, असं विचारलं. नाही, बरोबर होता म्हटलं.

काही नाही लिहावं वाटत.

१८ जाने., रवि.

नात आली होती, जुई. रविवारी गल्ल्यावर मोबाईलचे पैसे तीच पाह्यते. दीड वाजता पिंकीनं माझं ताट आणलं. मी जेवून राहिली तर जुई म्हणे, "आजी, तुझं ताट नेहमी पिंकीच काहून आणते?"

"शोभा मागं हाय ना वं."

"ती समोर होती तेव्हा बी पिंकीच आणे."

बोलली अन् मोबाईलमध्ये डोकं घातलं. 

मी रोज दीडले गल्ल्यावरच जेवते. सगळ्या टेबलांच्या समोर. मालकीण काय खाते, कोणाच्या हातचं घेते, ते सगळ्यांले दिसते. महिना महिना पेशंटसोबत राहणारे लोकं रोज पाहून राहिले.

आठवून पाह्यलं. पावसाळ्यात एकदा शोभा ताट घेऊन निघाली होती. मी म्हटलं, राहू दे, पिंकी आणून राहिली. पिंकी तेव्हा नळावर होती. एवढंच. त्यानंतर शोभानं ताट आणलं नाही, मी मांगतलं नाही. सहा-सात महिने झाले.

मी लोकांले शिव्या देऊन राहिली होती.

२० जाने., मंगळ.

शोभानं सांगतलं, रामदासपेठेत पोरींच्या होस्टेलच्या मेसमध्ये बोलावलं हाय. एक तारखेपासून. खोलीचं भाडं टिपेतून निघे, ते आता निघत नाही. तिनं आपल्या पोरीचा शिवणक्लास सोडवला.

विचारलं, तिथं समोर वाढशील का?

"तिथं बी मागंच. पण मी कधी समोर होती हे तिथं कोणाले माहीत नाही."

म्हटलं, जाऊ नको, उद्यापासून समोर ये. तिनं पोळी पालटवली. "पाह्यते," म्हणाली. नाही म्हणाली असती तर भांडता आलं असतं.

लाडवाचं सांगायचं होतं. नाही सांगतलं.

२२ जाने., गुरु.

पिंकीले सांगतलं, उद्यापासून माझं ताट शोभा आणन.

"माझं काय चुकलं, आजी?"

"काही नाही चुकलं. तोंड चांगलं हाय, ती तुझी चूक नाही."

रुसली. मग दाढ धरून बसली. तिले म्हटलं, उद्या दातवाल्याकडे जा, पैसे मी देते, अन् तिथं हसू नको. तेव्हा हसली.

डोक्यात एकच चालू हाय. पिंकीनं बी मेहनत केली, शोभानं बी केली. गजऱ्याचे देता तर द्या. पण कोडाचे कापता काहून? अन् कोडाचे वरून शंभर देता ते तरी काहून? वरणाचे कोणी देत नाही. मी बी कधी दिले?

२३ जाने., शुक्र.

सगळे टेबल भरले होते. दीड वाजता मी गल्ल्यावरून मोठ्यानं हाक मारली, शोभा, माझं ताट आण वं. चार-पाच जणांनी मान वर केली. हेच पाहिजे होतं मले, खोटं काहून लिहू.

ती आतून आली. ताटात भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, वाटीत वरण. हातात हातमोजे.

मी हळूच म्हटलं, "काढ ते."

"राहू द्या, काकू. हे असले तर तुम्हाले जेवण जाईन."

रागानं नाही म्हणाली. पेशंटले समजावते तसं.

जेवली मी. भाकरीचा तुकडा सुद्धा ठेवला नाही. कोण पाहून राहिलं, कोण नाही, ते मग पाह्यलंच नाही. वरण बी आज तिनंच केलं होतं, चांगलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं, जावेसारखं.

जेवण झाल्यावर बडीशेपची बशी ओढली. किती ठेवावे? जास्त ठेवले तर तो शंभरवाला झाली मी. कमी ठेवले तर खिडकीवाले चौघं. वीस ठेवले, पिंकीले एका माणसाचे पडते तेवढे. शोभा ताट न्यायले आली तेव्हा म्हटलं, "वरणाचे हायेत."

तिनं बशीकडे पाह्यलं. ताट दोन्ही हातांनी उचललं अन् गेली.

दोन हातात ताट होतं, बशी कशी नेईन. असं बी असन.

एक तारखेले नऊ दिवस हायेत. हातमोज्यांचा डबा अजून भरलेलाच हाय. फेकणार होती, पण मी फेकून काय होते, काढायचे तिनं हायेत.

पाच वाजले. बशी अजून गल्ल्यावरच हाय. पिंकी उचलायले आली होती, तिले म्हटलं, राहू दे.