आबांचा शेवटचा कुत्रा

७ जुलै २०२४, रविवार

आणलं एकदाचं! दीड महिन्याचं पिल्लू, नुसती हाडं आणि कान.

आबांनी चार महिने डोकं खाल्लं होतं. आबा म्हणजे माझे सासरे, महिपती, वय अठ्ठ्याहत्तर. "मरायच्या आधी एक कारवानी पालायचाय. शेवटचा." तरुणपणी त्यांच्या दारात असे सात-सात कारवानी, शिकारी कुत्रे असायचे म्हणे, रानडुकराच्या मागे सगळा डोंगर पालथा घालायचे. आता शिकारीला बंदी. मी तसं म्हटलं तर उसळले — "मारायचं नाय, हाकलायचं. कायदा मनाबी कलतो!"

अंबरनाथला शिवमंदिराकडे बनूबाईंचं हारफुलांचं दुकान. बाई मूळच्या देशावरच्या, कुत्रीही तिकडचीच. पाच पिल्लं. निवडायची आबांची जुनी तऱ्हा — मालकानं पाठ फिरवून जमिनीवर बसायचं, पिल्लं मागे सोडायची, हाक मारायची नाही, वळून बघायचं नाही. जो आपणहून येऊन टेकेल तो आपला. मी म्हटलं, बसा मग. तर म्हणे, "माजं गुडघं दुखतंय. तू बस."

बसले फतकल मारून. देवळात जाणारे लोक बघतायत, कोण ही बाई! चार पिल्लं झेंडूच्या टोपलीत घुसली. पाचवं आलं, माझ्या कमरेला टेकलं आणि तिथेच झोपलं. आबा एवढंच म्हणाले, "झालं. घ्या पदरात."

८ जुलै

नियमांची यादी ऐकून कान किटले. सव्वा महिना एकाच हातचा घास, तोही तळहातावर. दुसऱ्या कुणी तुकडासुद्धा द्यायचा नाही. अंथरुणाच्या आत मालकाच्या घामाचं फडकं शिवायचं, म्हणजे झोपेतही त्याच्या नाकात मालक बसतो. आबा म्हणाले, माझा जुना टॉवेल घालतो. दुपारभर दाभण-सुतळी घेऊन गोणपाट शिवत बसले.

आणि घास? तो मी द्यायचा! "माजा हात कापतंय." दाभणात सुतळी ओवताना नाही कापला तो!

१० जुलै

घास संपला तरी माझा तळहात चाटत बसतो. घामाचं मीठ लागतं त्याला. म्हणून नाव ठेवलं खारू. नावही मीच ठेवायचं होतं, आबांचा हुकूम. सोनिया म्हणते, "मम्मी, सिरियसली? हंटिंग डॉगचं नाव खारू? लोग हसेंगे!" हसू देत. बारावीतल्या पोरींना सगळ्याचीच लाज वाटते.

११ जुलै

माझी हिरवी बुट्ट्यांची ओढणी सापडत नाही. परसातल्या भाजीत जाताना डोक्याला बांधते ती. खुंटीवरच होती. सोनियानं स्कूटी पुसायला घेतली असणार. विचारलं तर शपथा घेते. घर आहे की काय आहे!

१८ जुलै

लावणी सुरू. ओढ्याकाठच्या खालच्या शेतात सगळे गेले. मी घरी. सांगितलं, भाकऱ्या कोण करणार?

खरं कारण इथेच लिहिते. मागच्या दसऱ्याला त्याच शेतात उभ्या भातातून डुक्कर निघालं आणि मला बांधावरून उडवलं. मनगटाचं हाड जुळलं. पण तिकडे पाय वळत नाही. ओढा नुसता लांबून दिसला तरी मागे फिरते. वर्ष होत आलं, दर वेळी नवीन सबब. कधी भाकऱ्या, कधी पाठ, कधी बचत गटाची मीटिंग. चव्वेचाळीस वर्षांची बाई, शेतकऱ्याच्या घरची, आणि डुकराला भिते! महेशला सांगितलं तर आयुष्यभर चिडवेल. नवराच तो.

ते शेत माझं लाडकं होतं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा रडले तेही तिथेच, ओढ्यात पाय सोडून.

२ ऑगस्ट

महेशचा कंपनीचा बूट खाल्ला. एकच. महेश फर्स्ट शिफ्टला मोरिवलीला चप्पल घालून गेला. गेटवर अडवलं म्हणे. मी तोंडात पदर कोंबून हसले.

२० ऑक्टोबर, रविवार

काय पळतो! पाय जमिनीला लागतात की नाही, शंका येते.

रोज सकाळी शिकवणी. सोनिया स्कूटीला दोरी बांधून काथ्याचं पोतं ओढते, खारू त्याच्या मागे. आबा खुर्चीत. ओरडा मी खायचा. "आदी थांब शिकव, मंग पलायला. पलायला त्याला देवानं शिकवलाय." मी तीनदा "थांब थांब थांब" केलं तर खुर्चीतून उठलेच. गुडघा बरा होता वाटतं! "हाक एकदाच मारायची. दोनदा मारलीस तं तो दुसऱ्या हाकेची वाट बगतो. तीनदा मारलीस तं तिसऱ्या."

हे मला सोनियाच्या लहानपणी कुणी सांगायला हवं होतं.

आज एका हाकेला थांबला. पोत्यावर झेप घेतलेला, हवेतल्या हवेत अंग चोरून माझ्याकडे वळला. मी मटकन बसून त्याला मिठीच मारली. आबा म्हणाले, "लाड नंतर." पण हसत होते.

१४ नोव्हेंबर

आज फार वाईट वाटलं.

पट्टा सुटला आणि एका पार्सलवाल्याच्या गाडीमागे खारू सुसाट, थेट नव्या टॉवरच्या रस्त्याला. आबा फाटकात उभे राहून हाका मारत होते. "खारू! ए खारू!" खोकला येईपर्यंत. त्यानं कानसुद्धा वळवला नाही. मी मोरीतून आले, हात साबणाचे. एकदाच म्हटलं — "ये." तसा भिरभिरत माझ्या पायाशी!

टॉवरचा वॉचमन टाळ्या वाजवत होता. आबा खाली बघत होते.

किती हौसेनं आणला म्हाताऱ्यानं. मरायच्या आधी एक, म्हणाले होते. आणि मी तो आयता पळवला. घास माझा, नाव मी ठेवलेलं, हाक माझी. त्यांच्याकडे काय राहिलं? खुर्ची!

१५ नोव्हेंबर

ठरवलं. उद्यापासून घास आबांच्या हातचा. मी समोर जायचंच नाही.

१६ नोव्हेंबर

खाल्लं नाही. आबांनी हातातली भाकरी तशीच परातीत ठेवली, एकदाही चुचकारलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

दुसरा दिवस उपाशी. स्वयंपाकघराच्या दाराला नाक लावून बसलाय. मी आत, तो बाहेर, दोघांचे डोळे पाण्यानं भरलेले. शेवटी आबा कडाडले — "उपाशी मारतंस काय त्याला? आवरा ही नाटकं!"

मी म्हटलं, "आबा, कुत्रा तुमचा आहे."

"मंग माज्या कुत्र्याला तू घास दे. मी सांगतंय ना!"

दिला. सहा भाकऱ्या खाल्ल्या गाढवानं. वर तळहात चाटून चाटून लाल केला.

महेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस. आबांना राग आला की सगळ्या खरवई गावाला ऐकू जातो. आला का ऐकू?" नाही आला. तेच तर टोचतंय.

१२ जानेवारी २०२५, रविवार

खालच्या शेतात वाल शेंगेला आलाय आणि डुकरांनी दोन वाफे नांगरून ठेवलेत. आबा सकाळीच तयार. टोपी, काठी, दाढीसुद्धा केलेली. "आज खारूची परीक्षा." महेशनं पट्टा धरला. खारू फाटकापर्यंत गेला आणि बसला. ओढला तर पुढचे पाय रोवले. महेश वैतागला, "अरे चल ना यार!" तो माझ्याकडे बघतोय. आबाही माझ्याकडेच.

"अंजनी, तू चल. तू असल्याबिगर हा हलायचा नाय."

तोंडातून निघून गेलं — "मला कपडे वाळत घालायचेत."

आबांनी वाकून पट्टा सोडला. ओसरीवर जाऊन बसले, टोपी मांडीवर काढून ठेवली. दाढी केलेला चेहरा किती लहान दिसतो त्यांचा.

मी आत जाऊन डब्यांच्या मांडणीला डोकं टेकून रडले. सहा महिने जीव लावून तयार केलेला कुत्रा, आणि ही परीक्षा माझ्या भित्रेपणापायी राहिली. एवढ्याशा ओढ्यापायी! अजून किती परीक्षा बघणार आहेत ते? आणि मी त्यांना कारण काय सांगितलं, तर कपडे!

१५ जानेवारी

आबा पुन्हा शेताचं नाव काढत नाहीत. रोजची शिकवणी मात्र चालू. खुर्ची, ओरडा, सगळं तसंच. मीच त्यांच्या डोळ्याला डोळा देत नाही.

१९ जानेवारी, रविवार

खारूचं अंथरूण धुवायला काढलं. सुतळी कुजली होती, शिवण उसवली. आत टॉवेल नाही. माझी हिरवी बुट्ट्यांची ओढणी, चार पदरी घडी घालून.

हातात घेऊन बसले, आणि आबांचा दुखरा गुडघा, कापणारा हात एकेक करून आठवत गेले. मग घडी तशीच आत ठेवली आणि दाभणानं शिवून टाकली. पट्टा घेतला. ओसरीवर आबा डोळे मिटून उन्हात बसले होते. म्हटलं, "आबा, खालच्या शेतात जाऊन येते."

डोळे न उघडता म्हणाले, "जा. हाक एकदाच मार."