जीनाखालचं शिसं

२ फेब्रुवारी १९०९
विल्फ परत पडला. तिसऱ्या कुंपणावर. चूक घोड्याची. माझा नातू म्हणून म्हणत नाही, पण उड्यांच्या शर्यतीत असा जॉकी अख्ख्या बर्कशायरात नाही. शेजारच्या पोकॉकबाईचा मुलगा अल्बर्ट पहिला आला. त्या घोड्यावर माझी खुर्ची बांधली असती तरी पहिली आली असती.
आजपासून पोकॉकबाईबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

३ फेब्रुवारी
पोकॉकबाईने पेपरातला अल्बर्टचा फोटो खिडकीत लावलाय. तोंड माझ्या दाराकडे.

११ फेब्रुवारी
विल्फ चौथा. घोडे चारच होते, पण पडला नाही. सुधारणा आहे.
ट्रेनर लव्हेलसाहेबांनी त्याला बजावलं, वीस तारखेला जिंक, नाहीतर जॉकीचा रंगीत सदरा परत कर आणि तबेल्यात लीद उचल. विल्फ जेवला नाही. वजनासाठी तो एरवीही जेवत नाही, पण आज भीतीने.

१७ फेब्रुवारी, बुधवार
शनिवारच्या शर्यतीत घोड्यावर नेमून दिलेलं वजन जास्त आहे. विल्फ म्हणजे काडी. म्हणून जीनाखाली शिशाच्या पट्ट्या भरलेलं कापड घालायचं. ते उसवलंय. विल्फ म्हणाला, पोकॉकबाईंना देतो, अल्बर्टचं त्याच शिवतात, मेणाच्या जाड दोऱ्याने.
मी म्हटलं, "या घरातली सुई मेली का?"
बाईचे टाके पाहिलेत मी. पोतं शिवावं तसे. मी बारीक पांढरा दोरा घेतला. चर्चच्या वेदीवरचं कापड शिवावं असं काम झालंय. मुद्दाम दारात बसून शिवलं. बाई आलीच. दोरा नाजूक वाटतो म्हणाली. जळते मेली.

२० फेब्रुवारी, दुपारी
विल्फ जिंकला. अल्बर्टला दोन घोड्यांच्या लांबीने मागे टाकून. मी पोकॉकबाईकडे बघून अजिबात हसले नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

तीच तारीख, चहानंतर
शर्यत झाली की जॉकीला जीनासकट पुन्हा काट्यावर बसवतात. विल्फ सहा पौंड कमी भरला. शिवण फाटून शिसं पाण्याच्या उडीपाशी चिखलात पडलेलं सापडलं. जिंकणं रद्द. पहिला अल्बर्ट.
दोऱ्यात खोट. सोमवारी दुकानदाराला धरणार.
पोकॉकबाई मला एक शब्द बोलली नाही. मुद्दाम.

२२ फेब्रुवारी, सोमवार
पावसाची लक्षणं. दुकानात गेले नाही.
विल्फ सदरा परत देऊन आला. कापड कोणी शिवलं, असं साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. हा म्हणाला, मी. साहेब म्हणाले, ज्याला स्वतःचं वजन सांभाळता येत नाही त्याला घोडा कोण देणार? उद्यापासून लीद.
खोटं बोलायला कोणी सांगितलं होतं, असं मी विचारलं.
बूट काढत म्हणाला, "मग काय, आजीने शिवलं म्हणून सांगू?"


२७ फेब्रुवारी
पाच दिवस कान देऊन बसले. विहिरीवर, चर्चमध्ये, बेकरीत. सगळे म्हणतात, विल्फने हलगर्जीपणा केला. माझं नाव कुठेच नाही. म्हणजे दारात बसून मला शिवताना जिने पाहिलं, तिने कोणालाच सांगितलं नाही.
यातही ती बाई पुढे गेली.